प्रकल्प नोंदी: मानपाड्याची बाल्कनी, भाद्रपद ते आश्विन (मधे चार दिवस दिवेआगर)

७ सप्टेंबर २०२५, रविवार

काल अनंत चतुर्दशी झाली, आता जरा बाल्कनीकडे बघता येईल म्हणून आजपासून ही वही सुरू. आमचे गणपती गौरींबरोबर २ तारखेलाच गेले, शाडूची मूर्ती होती, घरीच मोठ्या बादलीत विसर्जन केलं आणि आता त्या बादलीच्या तळाला चार बोटं गाळ बसलाय, एकदम लोण्यासारखा मऊ.

आधी हजेरी घेतली. बाल्कनी अकरा फूट बाय चार फूट, सातवा मजला, तोंड नैर्ऋत्येला, म्हणजे दुपारी दीडनंतर सगळं ऊन आमच्याकडे. कुंड्या बावीस. त्यातल्या नऊ ग्रिलमध्ये, त्यांना पाऊस थेट लागतो, आणि तेरा आतल्या भिंतीला, ज्यांना वरच्या स्लॅबमुळे पावसाचा थेंबही मिळत नाही, बाहेर धो धो चालू असताना यांना मी तांब्याने पाणी घालत असते, पाहुण्यांना नवल वाटतं.

बाहेरच्या नऊ कुंड्यांची अवस्था वाईट. यंदा पाऊस २६ मेलाच मुंबईत आला, म्हणजे साडेतीन महिने या कुंड्या मार खातायत. माती तीन बोटं खाली बसलीये, वर हिरवट शेवाळाची साय, खुरपं मारलं तर टक्क आवाज येतो. तुळशीची मुळं उघडी पडलीयेत. गोकर्णाला शेंगाच शेंगा पण खालची पानं पिवळी. अळू मात्र झकास, मंगळवारी १६ तारखेला दशमीला सासऱ्यांचं श्राद्ध आहे, तेव्हासाठी पानं धरून ठेवलीयेत.

शाडूचा गाळ फेकवेना. बाप्पाची माती आहे, झाडाला लागावी असं वाटलं, म्हणून दोन तांबे गाळ गोकर्णाच्या कुंडीत वरून ओतला. रात्री खग्रास चंद्रग्रहण, आई (सासूबाई) म्हणाल्या आता झाडांना हात लावू नकोस, राहू दे. राहू दिलं. चंद्र ढगात होता.

९ सप्टेंबर, मंगळवार

गोकर्णाच्या कुंडीत पाणी साचलंय. काल संध्याकाळचा पाऊस आज सकाळी सुद्धा वर तसाच, आरशासारखा. शाडू म्हणजे अगदी बारीक कणांची चिकणमाती, त्यात हवा जायला जागाच नाही, मूर्तीसाठी ती चांगली का असते तर याच गुणामुळे, आणि कुंडीत वाईट का तर त्याच गुणामुळे. वरचा थर खरवडून काढला, बांबूच्या काडीने पाच-सहा ठिकाणी खोल भोकं पाडली, तासाभरात पाणी उतरलं. उरलेला गाळ पेपरवर पसरून वाळत टाकलाय, पूर्ण वाळला की फोडून भुकटी करणार आणि प्रत्येक कुंडीला फक्त एक मूठ, आणि ती सुद्धा मातीत नीट कालवून.

जास्वंदीला मिलीबग. तो पांढरा पिठासारखा, बेचक्यांत बसलेला, आणि मुंग्यांची रांग वर जातेय म्हणजे तो आहेच समजायचं, कारण त्याच्या गोड चिकट्यासाठी मुंग्या त्याला सांभाळतात. जुना टूथब्रश आणि साबणपाण्याने घासून काढला, मग एक लिटर कोमट पाण्यात पाच मिली कडुलिंबाचं तेल आणि चमचाभर भांडी घासायचं लिक्विड, हे संध्याकाळी ऊन गेल्यावर मारलं. दर पाच दिवसांनी परत मारायचं, एकदा मारून सुटका होत नाही.

१० सप्टेंबर, बुधवार

उद्या पहाटे दिवेआगर. पितृपक्षात कोण जातं फिरायला असं शेजारी म्हणाले, पण म्हणूनच तर वाडीतली खोली सहज मिळाली आणि गर्दी नसणार. आईंचीच इच्छा होती, समुद्र बघून चार वर्षं झाली म्हणाल्या. लेकीला शाळेत दोन दिवस दांडी.

आतल्या तेरा कुंड्यांचा प्रश्न होता. वातीचं पाणी करून बघितलंय, आणि सोमवारीच टेस्टला लावलं होतं म्हणून बरं. पंधरा लिटरची बादली स्टुलावर, कुंड्यांपेक्षा उंच, तिच्यातून पाच कुंड्यांत सुती दोऱ्या, एक टोक बादलीच्या तळाला दगड बांधून, दुसरं मातीत तीन बोटं खोल. घरात दोरी नव्हती म्हणून पायजम्याच्या नाड्या वापरल्या. त्यातल्या दोन नाड्या चोवीस तासांनी पण कोरड्या, हात लावून पाहिलं तर नायलॉनच्या, पाणी चढतच नाही त्यात. सुती नाड्यांनी मात्र पाच कुंड्यांना मिळून दिवसाला साधारण अडीच लिटर नेलं, म्हणजे चार दिवसांचे दहा लिटर, पंधराची बादली पुरते. दुकानातून जाडी सुती वात आणली, पहिल्यांदा वापरायच्या आधी पाण्यात भिजवून पिळून घ्यायची नाहीतर सुरूच होत नाही. अशा तीन बादल्या लावल्यात.

११ सप्टेंबर, गुरुवार

साडेपाचला निघालो. पनवेल, पेण, वडखळ, कोलाड, माणगाव, मग उजवीकडे वळून म्हसळ्याकडून बोर्ली पंचतन आणि दिवेआगर. माणगाव सोडल्यावर घाटात दोन्ही बाजूंनी पिवळी सोनकी आणि तेरडा, आईंनी तीनदा गाडी थांबवायला लावली. पोचेपर्यंत बारा वाजले. दुपारी आमटी-भात, अळूचं फदफदं, सोलकढी. संध्याकाळी समुद्रावर आम्ही चौघं आणि एक कुत्रा, बाकी चार किलोमीटर वाळू रिकामी. समुद्र अजून खवळलेला, पाण्यात घोट्याच्या वर जायचं नाही असं वाडीचे मालक काका आधीच बजावून गेलेत.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

ही नोंद लांबणार कारण आज जे पाहिलं ते मला बाल्कनीसाठी हवं होतं आणि मला ते माहीतच नव्हतं की हवंय.

सकाळी चहा घेऊन काकूंबरोबर वाडीत फिरायला गेले. वाडी म्हणजे वर माड, त्याच्या खाली पोफळी (सुपारीची झाडं), पोफळीवर चढलेले मिरीचे वेल, मधे जायफळ, केळ, खाली अळू, कर्दळ, अननस. उन्हाचे रुपयाएवढे ठिपके तेवढे जमिनीवर. आणि जमीन, म्हणजे खरी माती, कुठेच दिसत नाही! सगळीकडे पोफळीच्या झावळ्या, केळीची वाळकी पानं, सोडणं (नारळाची काथ्याची सालं), चालताना पाय दबतो. मी सहज म्हटलं, काकू पाऊस संपल्यावर हे सगळं साफ करता का. त्या थांबल्याच. "अगो, साफ कसलं करायचं? जमिनीला पांघरूण नको? आता महिन्याभरात काय ऊन पडेल बघ."

मग त्यांनी २०२० चं सांगितलं. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ इथेच किनाऱ्याला धडकलं, दुपारचं. दोन-तीन तासांत वाडीतली अर्ध्याच्या वर झाडं आडवी, काही माड तर काकांच्या वडिलांनी लावलेले. घराची कौलं गेली, लाईट किती दिवस नव्हती त्याचा हिशोबच नाही. हे मी पेपरात वाचलं होतं, पण काकू पुढे जे बोलल्या ते कधी वाचलं नव्हतं. त्या म्हणाल्या, झाडं पडल्याचं दुःख होतंच गो, पण पहिल्यांदा जमिनीवर ऊन पडलेलं बघितलं ना तेव्हा पोटात गोळा आला. चाळीस वर्षं जिथे सावली होती तिथे भर दुपारी ऊन. जी मिरी आणि जायफळं वादळातून वाचली होती ती पुढच्या उन्हाळ्यात करपली, कारण त्यांना सावलीची सवय. जमीन तडकली. पूर्वी पाट सोडला की ओल आठवडाभर टिकायची, ती दोन दिवसांत जायला लागली.

मग काय केलं? जी झाडं पडली त्यांच्याच झावळ्या तोडून जमिनीवर अंथरल्या, आणि सगळ्यात आधी केळी लावल्या, कारण केळ वर्षभरात सावली देते. त्या सावलीत पोफळीची रोपं. पोफळ धरायला सहा-सात वर्षं, बाणवली (उंच जातीचा) माड तर त्याहून जास्तच घेतो, म्हणजे २०२० च्या पावसाळ्यानंतर जे लावलं त्यातल्या थोड्या पोफळींना आत्ता कुठे पहिला फुलोरा येतोय. काकूंनी एक झाड दाखवलं, त्याच्या बुंध्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. मी फोटो काढला नाही, बरोबर वाटलं नाही.

काकांनी माडाची आळी दाखवली. माडाच्या बुंध्यापासून पाच-सहा फुटांवर गोल चर, त्यात सोडणं रचून घालतात, खोलगट बाजू वर, एक थर सोडणांचा, एक थर मातीचा, परत सोडणं. ती वाटी पाणी धरते, आणि सोडण कुजायला पाच-सहा वर्षं लागतात, तोपर्यंत ते स्पंजचं काम करतं. मी कोकोपीटची वीट पैसे देऊन ऑनलाईन मागवते, ते याच सोडणाचं पीठ आहे, आणि इथे त्याचे ढीग पडलेत. दोन पोती मागितली. "दोन काय, चार ने," काका म्हणाले. गाडीत दोनच बसतील.

बाल्कनीत मी दर सप्टेंबरला नेमकं उलटं करत आलेय. पाऊस संपत आला की वाळकी पानं वेचायची, वरची माती मोकळी करायची, स्वच्छ कुंडी, आणि मग ऑक्टोबरमध्ये दिवसातून दोनदा पाणी घालूनही मिरची का मान टाकते म्हणून हैराण व्हायचं.

१३ सप्टेंबर, शनिवार

पहाटे ओहोटी. वाळूवर छोट्या खेकड्यांनी गोळ्यांची रांगोळी घातलेली, लेक तासभर तिथेच. सुरूच्या झाडांच्या पुढे, भरतीची रेघ जिथे संपते तिथे मर्यादवेल पसरलीये, जाड दुहेरी पानं आणि जांभळी फुलं, गणेशवेलीच्या घराण्यातली. आईंनी नाव सांगितलं आणि नावाचं कारण पण, समुद्राने इथवरच यायचं ही मर्यादा. गाठीगाठीला मुळं फुटतात आणि वाळू धरून ठेवतात. म्हणजे ही सुद्धा पांघरूणच झाली, वाळूची.

लेकीला वाळू घरी न्यायची होती, "कुंडीत घालू ना, पाणी साचणार नाही". कल्पना चूक नाही, पण समुद्राच्या वाळूत मीठ असतं, ते मुळांना पाणी घेऊ देत नाही आणि मातीची रचना पण बिघडवतं. मग ती काकांकडे अपील करायला गेली, कारण काका माडाच्या बुंध्यात मीठ टाकतात हे तिने ऐकलं होतं. काका तिला म्हणाले, "माड समुद्राकाठचा आहे बाळा, त्याला मीठ चालतं, लागतं सुद्धा. तुझ्या आईच्या मिरचीला नाही चालायचं." शिंपले चार न्यायची परवानगी मिळाली.

दुपारी सुवर्णगणेशाचं दर्शन. १९९७ साली इथल्या एका वाडीत खणताना तांब्याची पेटी निघाली, त्यात सोन्याचा मुखवटा. २०१२ मध्ये दरोडा पडला आणि तो चोरीला गेला, २०२१ मध्ये परत प्रतिष्ठापना झाली. आई बराच वेळ बसून होत्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, या गावात सगळं जमिनीतूनच येतं.

रात्री नवऱ्याने आणि मी पडवीत बसून बाल्कनीचा प्लॅन काढला. जागा बदलायच्या. मिरच्या आणि टोमॅटो ग्रिलला, उंच. त्यांच्या सावलीत पालक, कोथिंबीर. कढीपत्ता पश्चिमेच्या कोपऱ्यात, तो ऊन अडवेल. म्हणजे वाडीसारखं थरांत.

१४ सप्टेंबर, रविवार

निघताना काकूंनी मिरीचं रोप दिलं. बुश मिरी म्हणतात, वेलाच्या फळणाऱ्या आडव्या फांदीपासून केलेलं, ते चढत नाही, झुडूपच राहतं, म्हणून कुंडीत चालतं. अर्ध्या करवंटीत लावलेलं, चार पानं. "याला ऊन दाखवू नको, वारा दाखव," एवढंच सांगितलं.

घरी रात्री नऊला. बादल्या: पहिलीत चार लिटर शिल्लक, दुसरीत पाच, तिसरीत आठ. तिसरी जास्त का म्हणून पाहिलं तर एका मिरचीची वात निसटून बाहेर आलेली, मिरची पूर्ण कोमेजलेली. तिला बादलीतच बुडवून ठेवलंय रात्रभर. बाकी बारा ठीक. पुढच्या वेळी वात मातीत खोचून वर खडा ठेवायचा. आत्ता लिहितेय आणि बाहेर पाऊस बडवतोय.

१७ सप्टेंबर, बुधवार

काल श्राद्ध झालं. आज सोडणं टबात भिजत घातली. पाणी काळ्या चहासारखं झालं तासाभरातच. हे पाणी तीन-चार दिवस रोज बदलायचं, त्यात क्षार आणि तो तुरट रंग उतरतो, न धुता वापरलं तर कोवळ्या रोपांना त्रास होतो. कोयत्याने दोन बोटांचे तुकडे नवऱ्याने केले, पहिल्या पोत्यातच हाताला फोड आले.

सोसायटीच्या माळीदादांना सांगून ठेवलंय, बदामाची आणि सोनमोहोराची वाळकी पानं जाळू नका, मला द्या. त्यांनी लगेच एक गोणी आणून दिली, म्हणाले ताई अजून पाहिजे तर सांगा, कोण विचारतच नाही.

२० सप्टेंबर, शनिवार

मोठं काम आज. सकाळी आठ ते दुपारी दोन, चहा दोनदा.

बाहेरच्या नऊही कुंड्या पालथ्या केल्या. मुळांचा बाहेरचा गुंता कात्रीने थोडा कापला, तुळशीला आणि जास्वंदीलाच, मोगऱ्याला हात लावला नाही, त्याची छाटणी डिसेंबर-जानेवारीत. जुनी माती फेकली नाही, ती चाळून घेतली. मिश्रण असं झालं: चार घमेली जुनी-लाल माती, तीन घमेली गांडूळखत आणि घरचं कंपोस्ट मिळून, दोन धुतलेलं कोकोपीट, एक नदीची जाड वाळू, आणि दर कुंडीला एक मूठ निंबोळी पेंड, एक मूठ शाडूची भुकटी. मुठीत दाबलं तर गोळा व्हावा आणि बोटाने टोचलं तर फुटावा, तसं जमलं.

पेरणी: मेथी दोन पसरट ट्रेमध्ये. कोथिंबीर एका, धने लाटण्याने हलके रगडून दोन फाकी करून कालपासून भिजवलेले, आख्खे टाकले तर उगवायला फार रखडतात. पालक एका. मुळा दोन खोल कुंड्यांत, पानांसाठीच. नर्सरीतून टोमॅटोची नऊ रोपं आणि वांग्याची चार आणली, ती लावली.

आणि मग पांघरूण. मोठ्या कुंड्यांना सोडणाचे तुकडे दोन बोटं जाड, त्यावर चुरडलेली पानं. पेरलेल्या ट्रेंवर काही नाही, फक्त ओला सुती पंचा, कोंब दिसला की काढायचा. मिरीला करवंटीसकट आठ इंची कुंडीत, भिंतीला अगदी आत.

आईंनी बाल्कनी बघितली आणि पहिल्यांदा म्हणाल्या, अगं कचरा काय केलायस सगळा. मग पाच मिनिटांनी म्हणाल्या, वाडीसारखा वास येतोय.

२२ सप्टेंबर, सोमवार

घटस्थापना. यंदा तिथी वाढल्यामुळे नवरात्र दहा दिवसांचं. आईंनी घटासाठी माती मागितली, मी अभिमानाने नवं मिश्रण दिलं. पत्रावळीवर मातीचा थर, सात धान्यं, वर परत मातीचा पातळ थर, मधे घट. लेकीने पेरलं. तिला म्हटलं हे बघ, बी पेरून वरून झाकायचं हे आपण दरवर्षी देवासमोर करतोच.

मेथीचे कोंब आजच, दोन दिवसांत! पंचा काढला.

२८ सप्टेंबर, रविवार

काल रात्रीपासून मुसळधार, ठाण्याला रेड अलर्ट, घोडबंदर रोडवर पाणी. मेथी-पालकाचे ट्रे आत घेतले, हॉलमध्ये पेपर घालून. कोथिंबीर नववा दिवस, थोडी डोकावलीये.

वाईट बातमी टोमॅटोची. नऊपैकी चार रोपं आडवी, खोड मातीलगत काळं आणि मऊ पडलंय, दोरीसारखं बारीक झालंय. मी पांघरूण थेट खोडाला चिकटवून ठेवलं होतं, सतत ओलं राहिलं आणि बुरशी धरली. वाडीत माडाला ते चालतं, बोटाएवढ्या टोमॅटोला नाही. काकूंना फोन केला, त्या म्हणाल्या, पांघरूण गळ्यापर्यंत घ्यायचं असतं गो, तोंडावर नाही. आता सगळ्या रोपांभोवती दोन बोटं जागा मोकळी ठेवलीये गोल, उरलेल्या पाच टोमॅटोंवर वरचं ओलं आच्छादन काढून टाकलंय पाऊस थांबेपर्यंत. गेलेली चार रोपं मातीसकट काढून टाकली, कंपोस्टमध्ये घातली नाहीत.

सोडणांखाली दोन गोगलगायी सापडल्या. रोज रात्री टॉर्च घेऊन एक फेरी.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. २० जुलैला पेरलेला झेंडू, रविवारच्या पावसात काही कळ्या सडल्या तरी आज एकतीस फुलं. दाराला एक तोरण पूर्ण घरच्या फुलांचं झालं, आंब्याची पानं तेवढी बाजारातली. घटाचं धन (उगवलेले अंकुर) वीतभर वाढलंय, पिवळसर कोवळं, लेक कानात खोचून शेजाऱ्यांकडे सोनं द्यायला गेली.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

हवामान खात्याने आज मुंबईतून मान्सून परतल्याचं जाहीर केलं. दुपारी बाल्कनीची फरशी चटका देते.

उद्यापासून मोजमाप करायचं. दोन मिरच्या, एकाच दिवशी लावलेल्या, एकाच मापाची कुंडी, शेजारी शेजारी ग्रिलला. एकीचं पांघरूण मुद्दाम काढलंय, दुसरीचं ठेवलंय. काढताना वाईट वाटलं खरं, पण एकदा आकडा बघायचाच आहे.

१२ ऑक्टोबर, रविवार

दुपारी अडीच वाजता किचनचा टोचायचा थर्मामीटर, एक इंच खोल. उघडी कुंडी ४३ अंश. पांघरलेली ३४. परत टोचून बघितलं, तेच. नऊ अंशांचा फरक! म्हणजे उघड्या कुंडीत वरवरची बारीक मुळं, जी सगळ्यात जास्त पाणी पितात, ती शिजतायत, मग दोनदा पाणी घालून काय उपयोग. पाण्याचं पण मोजलं, वरचा दोन बोटांचा थर कोरडा झाला की घालायचं असा नियम: दोन दिवसांत उघडीला चार वेळा, पांघरलेलीला एकदा.

प्रयोग इथेच थांबवला, उघड्या मिरचीला परत पांघरूण दिलं. आणखी बघायची गरज नाही.

जास्वंदीचा मिलीबग पाचव्या फवाऱ्यानंतर दिसत नाही. मुंग्या पण गेल्या.

१८ ऑक्टोबर, शनिवार

धनत्रयोदशी. नैवेद्याला धने-गूळ, आणि आईंनी कोथिंबिरीच्या ट्रेमधून चार काड्या खुडून त्यावर ठेवल्या, वीतभर सुद्धा नाही झालीये अजून, पण वास आला घरभर. मेथी आज कापली, मुळासकट नाही, दोन बोटं ठेवून, परत फुटते. दोन ट्रेमिळून एक भाजी झाली चौघांची, लसूण घालून.

टोमॅटो पाचही उभे, एकाला पहिला फुलांचा घोस. वांगी मागे आहेत, पानांवर छोटी भोकं पडलीयेत, उद्या सकाळी पानांची मागची बाजू बघायची. पालक ठीकठाक. मुळ्याची पानं तयार. पाणी सगळ्यांना आता एक दिवसाआड, गेल्या वर्षी याच आठवड्यात मी दिवसातून दोनदा घालत होते.

सोडणांचे तुकडे खालून मऊ व्हायला लागलेत, उचलले तर पांढरी मुळं त्यांच्यात शिरलेली दिसतात. तसेच परत ठेवले.

मिरीचं मात्र महिनाभर काहीच चाललं नव्हतं. जुन्या चार पानांतलं एक गळलं, तेव्हा मी दिवसातून तीनदा जाऊन बघायचे. वारा दाखव म्हणाल्या होत्या म्हणून सकाळी खिडकी उघडी ठेवायची, आणि दर दोन दिवसांनी पानांवर पाण्याचा हलका फवारा. आज दिवा लावायला गेले तर शेंड्याला नवीन पान, अजून गुंडाळलेलंच, तांबूस. काकूंना फोटो पाठवला. त्यांचा लगेच फोन आला, आधी पान बघितलं की नाही माहीत नाही, पहिला प्रश्न हाच की खाली पांघरूण घातलंयस ना. घातलंय म्हटलं, तुमच्याच सोडणांचं. मग म्हणाल्या सुपारी उतरवायला सुरुवात होईल लवकरच, डिसेंबरात या, सोडणं ठेवते बाजूला, आणि या वेळी पोती रिकामी घेऊन या म्हणजे परत आमची जायला नकोत.